डेकवरचे पाय

धाकटीला फक्त लाटा हव्या होत्या. माणसांची बडबड नसलेला, वाऱ्याची फुरफुर नसलेला, अर्धा मिनिट पुरेल एवढा लाटांचा स्वच्छ आवाज. काळ्या पडद्यावर ‘पंचवीस वर्षांची सोबत’ अशी अक्षरं उमटणार, त्याखाली लाटा, आणि मग गाणं, अशी दादा-वहिनीच्या फिल्मची सुरुवात तिने ठरवली होती. असा आवाज कुठे मिळतो हे तिला लोकांच्या घरगुती फिल्म जोडून द्यायच्या धंद्यामुळे माहीत होतं. चांगल्या फुटेजमध्ये तो कधीच मिळत नाही, कारण तिथे माणसं सारखी ‘इकडे बघ, हास जरा’ करत असतात. तो मिळतो पायांच्या फुटेजमध्ये. कॅमेरा बंद केला असं समजून माणूस तो गळ्यात सोडून देतो, बटण नीट दाबलं गेलेलंच नसतं, आणि कॅमेरा बिचारा मान खाली घालून जमीन टिपत बसतो. दादाचा हात या बाबतीत पहिल्यापासून बोथट. अकरा वर्षांच्या सहली त्याने एका डिस्कवर भरून पाठवल्या होत्या, आणि त्यात डोंगर, धबधबे, राजवाडे जितके होते तितक्याच फरश्या, वाळू, गवत आणि पाय होते. एरवी असलं सगळं ती आवाज बंद ठेवून बघायची आणि बघता बघता फेकून द्यायची. दुपारचे साडेतीन झाले होते. बोटीच्या फोल्डरमधली एक लांबलचक क्लिप तिने उघडली. लाकडी डेक, वहिनीच्या पांढऱ्या सँडल्स, दादाच्या केसाळ पिंढऱ्या. तिने हेडफोन चढवला. लाटा खरोखरच छान होत्या. चाळिसाव्या सेकंदाला फोन वाजला, वहिनीचा आवाज म्हणाला, “स्पीकरवर टाक, हात तेलकट आहेत तुझे,” आणि मग आई बोलली.

“कुठे आहेस रे?”

“कामावर आहे आई. साइटवर.”

“पाण्याचा आवाज येतोय कसला?”

“मशीन आहे आई. मोठं मशीन आहे इथे.”

“बरं.” मग थोडा वेळ नुसता श्वास. “येऊन जा रे एकदा. बघायचंय तुला.”

“आठ दिवसांनी येतोच आहे.”

“आठ दिवस. बरं बरं. काम कर तू. उन्हात टोपी घालत जा. आणि हे बघ, मी फोन केला होता ते धाकटीला सांगू नकोस. ती रागावते. मी म्हणेन, लागलाच नाही.”

“बरं.”

धाकटीने क्लिप थांबवली. हेडफोन काढायचं तिला सुचलं नाही. कान गरम झाले होते, आणि टेबलाच्या पलीकडे, जिथे चार वर्षांपूर्वी आईचा पलंग होता तिथे, आता तिचं कपड्यांचं स्टँड उभं होतं, त्यावर तिचाच एक ओला टॉवेल. ही खोली तिने आई गेल्यावर कामाची केली. उजेड चांगला येतो, असं सगळ्यांना सांगितलं. आईच्या आवाजाचा एक तुकडासुद्धा आपल्याकडे नाही, ही गोष्ट तिला चार वर्षं टोचत होती. शेकडो लोकांच्या आज्या, मावश्या, सासवा तिने पडद्यावर बोलत्या ठेवल्या, आणि घरात मात्र चांभाराची बायको अनवाणी. आता आवाज मिळाला होता. मिळाला तो दादाच्या पिंढऱ्यांखाली, आणि आपल्याला सांगू नकोस असं सांगणारा.

क्लिपची तारीख चार वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारची होती. तो मंगळवार तिला आठवत होता. आठवत होता म्हणजे काय, तो कधी विसरलाच नव्हता, फक्त त्याची एक बाजू तिला आजवर दिसली नव्हती. दुपारी ती बाथरूममध्ये आईच्या चादरी धूत होती. दोन्ही नळ सोडलेले, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. पिळलेल्या चादरींची बादली घेऊन ती बाहेर आली तेव्हा फोन आईच्या छातीवर होता आणि आई छताकडे बघत होती. “त्याचा फोन लागत नाही गं,” आई म्हणाली. आणि धाकटी काय म्हणाली? धाकटी म्हणाली, “लागणार कसा? रेंज नाही म्हणून सांगून गेलाय ना तो? दिवसातून किती वेळा लावशील? जरा पडून राहा ना शांत.” बादली तिने जरा आपटलीच. कंबर मोडून आली होती, तीन रात्रींची झोप नव्हती, हे सगळं खरं. पण बादली आपटली हेही खरंच. आईने डोळे मिटून घेतले. बिचारीला वाईट वाटलं, असं धाकटी चार वर्षं समजत होती आणि त्या आपटलेल्या बादलीसाठी स्वतःला खात होती. आता कळत होतं, त्या मिटल्या डोळ्यांमागे आई समाधानात होती. तिचं काम झालं होतं. लेकाशी बोलून झालं होतं, आणि लेकीला फसवूनही झालं होतं. गुरुवारी पहाटे ती गेली.

दादा आला शनिवारी. तोवर आईला इस्पितळाच्या शवागारात ठेवलं होतं, कारण मुलगा आल्याशिवाय कसं न्यायचं, असं मामा म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कारखान्याच्या तपासणीसाठी कुठल्या तरी आडरानात आठ दिवस, टॉवर नाही, निरोप मिळाला तोच शुक्रवारी, मग मिळेल त्या गाडीने धावत. दारातच तो मटकन खाली बसला आणि असा रडला की शेजारच्या दोन बायकांनीही पदर डोळ्यांना लावले. नाक सोलपटलेलं होतं त्याचं, उन्हाने. आत्याने ते बघितलं आणि म्हणाली, “उन्हातान्हात राबतो गं पोर.” तिने त्याला स्वतःच्या हाताने पाणी पाजलं. मग धाकटीकडे वळून म्हणाली, “तू निदान जवळ तरी होतीस. ह्याच्या मनाचं काय झालं असेल!” हे वाक्य धाकटीने त्या दिवशी निमूट गिळलं. पुढच्या चार वर्षांत ते तिला वेगवेगळ्या तोंडांतून इतक्यांदा ऐकावं लागलं की आता कोणी ‘तू निदान’ म्हणालं की ती उठून चहा टाकायला जायची. दोन महिन्यांनी बोटीचे फोटो आले. घरच्या ग्रुपवर एकामागून एक चाळीस. पांढरी बोट, वहिनीची रुंद टोपी, मावळता सूर्य दादाच्या तळहातावर. खाली लिहिलं होतं, ‘आई गेल्यापासून मन कुठेच लागत नव्हतं. म्हणून चार दिवस समुद्राकडे.’ सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले. धाकटीनेसुद्धा एक पाठवला होता.

म्हणजे त्याने नुसतं खोटं सांगितलं नव्हतं. खोटं सांगून, ते दोन महिने मुरवून, त्यावर पुन्हा सहानुभूती वाढून घेतली होती. चोर तो चोर, वर शिरजोर. फोनवरून रोज औषधांची चौकशी करणारा दादा. ‘डॉक्टर बदलून बघ, तिला जरा हवेशीर बसव, तू चिडचिड नको करू’ असं उंटावरून शेळ्या हाकणारा दादा. ती तशीच बसून होती आणि आतून तिला एक गोष्ट स्पष्ट जाणवत होती, तिला स्वतःलाच थोडं आश्चर्य वाटावं इतकी: तिला रडू येत नव्हतं. तिला बरं वाटत होतं. इतकी वर्षं जो राग उगाचचा, क्षुद्र, भावंडांत असतो तसला वाटायचा, ज्याची तिला लाज वाटायची, त्याला आज पुरावा मिळाला होता. पंचेचाळीस माणसं रविवारी हॉलमध्ये येणार होती. मोठा पडदा होता. दोन मोठे स्पीकर होते, ते तिनेच सांगून मागवले होते.

त्यानंतरचे आठ दिवस तिने इतकं मन लावून काम केलं की एखाद्याला वाटावं, भावावर केवढी माया! प्रत्येक सहल तिने घासूनपुसून लखलखीत केली. धबधब्याखाली किंचाळणारी वहिनी, राजवाड्याच्या पायरीवर छाती काढून उभा दादा, रोपवेत डोळे गच्च मिटलेला दादा, घोड्यावर बसताना दोनदा घसरलेली वहिनी. प्रत्येक चित्रात वहिनी हात हलवत होती. कोणाला हलवत होती? कॅमेऱ्यामागे तर नवराच होता. रोज बरोबर असणाऱ्या माणसाला कोणी हात हलवतं का? धाकटीच्या लक्षात आलं की हे हात हलवणं आपल्याकडे होतं. जे आले नाहीत, जे घरी आहेत, ज्यांच्यामुळे घर सोडून निघता येतं, त्यांच्याकडे. अकरा वर्षं बाई आपल्याला टाटा करत होती. असे एकूण त्रेसष्ट टाटा तिने मोजले आणि त्यातले निवडक सतरा ओळीने लावले, गाण्याच्या ठेक्यावर. लोक हसतील अशा बेताने.

वहिनीचा फोन दर दिवसाआड. “अगं, त्या निळ्या ड्रेसमधले सगळे घे हं. आणि बोटीवरचे तर भरपूर घे, तिथे मी बारीक दिसते.” “घेते ना,” धाकटी म्हणायची. “बोटीवरचे मुद्दाम घेतलेत.” दादाचा फोन एकदाच आला, गुरुवारी. तो नेहमीसारखा घाईत होता आणि नेहमीसारखा मोकळा हसला. “पायांचं बियांचं काही सापडलं असेल ते टाकून दे गं. तुला माहितीय माझा हात.” ती म्हणाली, “माहितीय.” त्याला कसलीही शंका आली नाही आणि येणारही नव्हती. तिच्या प्रत्येक फिल्ममध्ये मूळ आवाज काढून टाकलेला असतो, वर गाणं असतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आवाज म्हणजे चित्राबरोबर आलेला कचरा, तो धाकटी झाडून टाकते. मुळात त्या मंगळवारी कॅमेरा चालू राहिला होता हेच त्याला माहीत नव्हतं. हा माणूस स्वतःचं फुटेज कधीच बघत नसे. जगभर फिरून सगळं टिपायचं आणि बघायचं मात्र दुसऱ्याने, अशी त्याची रीत.

काम अडलं ते एकाच ठिकाणी. क्लिप कुठे तोडायची? पहिल्या दिवशी तिने ती पूर्ण लावली होती, फोन वाजल्यापासून ‘बरं’पर्यंत. दुसऱ्या दिवशी टोपीपाशी तोडली. ‘उन्हात टोपी घालत जा’ आणि लगेच लाट. तिसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण केली. आईचं ते शेवटचं वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं की त्यातला दम, मधली गिळलेली थुंकी, ‘रागावते’ म्हणताना आवाज किंचित खाली जातो ते, सगळं तिला पाठ झालं. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर धाकटीला भांडता आलं असतं. दूध उतू जाईल, गॅस बारीक ठेव, असं सांगावं इतक्या सहज आई म्हणत होती, ती रागावते. आणि मग धाकटीचं डोकं असं फिरायचं की दादा बाजूला राहायचा आणि ती त्या रिकाम्या जागेकडे, त्या ओल्या टॉवेलकडे बघून बोलायची. कोण पुसत होतं तुला? कोणाच्या हाताने दूध पीत होतीस? पाठ कोण चोळत होतं? पाण्याचा आवाज तुला ओळखू आला, इतकी शुद्ध तुला होती, मशीनवर तू विश्वास ठेवला नाहीस हे मला इथे बसून कळतंय, तरी तू म्हणालीस काम कर. आणि फसवलंस कोणाला, तर मला. मेलेल्या माणसावर उट्टं काढता येत नाही, ही एक मोठीच गैरसोय आहे. शनिवारी तिने ते वाक्य कापलं. आईची लाज झाकायला कापलं असं तिने स्वतःला सांगितलं, आणि दहा मिनिटांनी हेही कबूल केलं की आपली लाज झाकायला कापलं. पंचेचाळीस माणसांनी दादाला बघायला हवं होतं. आईला जिची धास्ती वाटायची ती मुलगी त्यांना बघायला मिळण्याचं काही कारण नव्हतं.

रविवारी हॉल गच्च भरला. वहिनी त्या निळ्या ड्रेसमध्ये, दादा कोटात, गळ्यात हार नाही पण रुबाब तसाच. धाकटी पडद्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती, तिथून तिला पडदा तिरपा दिसत होता आणि माणसं समोर. दिवे गेले. टाटांच्या ठेक्यावर लोक अपेक्षेपेक्षा जास्त हसले. रोपवेला शिट्ट्या झाल्या. मग गाणं हळू होत थांबलं आणि पडद्यावर लाकडी डेक आला, सँडल्स आल्या, पिंढऱ्या आल्या, आणि मोठ्या स्पीकरमधून, सगळा हॉल भरून, आईने विचारलं, कुठे आहेस रे. धाकटी पडद्याकडे बघत नव्हती. ती दादाकडे बघत होती. त्याचा हात वहिनीच्या खुर्चीच्या पाठीवर होता तो तिथेच राहिला, फक्त बोटं सरळ झाली. मशीन आहे आई. मोठं मशीन आहे इथे. लाट. उन्हात टोपी घालत जा. लाट. तिने फिल्म थांबवली, ठरवल्याप्रमाणे, आणि वाट बघितली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आधी तिला समजलंच नाही. मामा रुमालाने डोळे टिपत होता. आत्या तर हुंदकेच देत होती. मागून कोणीतरी म्हणालं, “काय मिक्सिंग केलंय बघ पोरीने! जुना फोन शोधून काढला आणि बरोब्बर बोटीवर बसवला.” “पाण्याचा आवाज म्हणतात, आणि तिथेच लाट! अंगावर काटा आला.” “कामावर असतानासुद्धा आईचा फोन उचलायचा हो तो.” पंधरा वर्षं तिने या लोकांना हेच तर शिकवलं होतं, की चित्र एकीकडचं असतं आणि आवाज दुसरीकडचा. खरा आवाज खऱ्या चित्राखाली असू शकतो हे आता त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यातही येणार नव्हतं. दादाने हे तिच्याआधी ओळखलं. तो उठला, समारंभाचा माइक हातात घेतला, आणि त्याचा आवाज खरोखर दाटून आला होता. “धाकटे,” तो म्हणाला, “तू मला आज आई परत दिलीस.” पुन्हा टाळ्या. आत्या पुढे सरकून म्हणाली, “कधीचा गं हा आवाज? कुठे मिळाला तुला?”

“दादाला विचार,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरका आला.

“जुना आहे,” दादा म्हणाला. “बराच जुना. माझ्या फोनमध्ये होता.”

“कॅमेऱ्यात होता,” धाकटी म्हणाली. “त्याच क्लिपमध्ये. काही बसवलेलं नाही मी. तो बोटीवरच होता तेव्हा. मंगळवार होता.” हॉलमध्ये काहीच झालं नाही. माणसं ओलसर डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिली, जसं जरा जास्त भावुक झालेल्या माणसाकडे बघतात. “पुढचं आहे माझ्याकडे,” ती म्हणाली आणि लॅपटॉपवर वाकली. “मूळचं. लावते.” खरं म्हणजे ती लावणार नव्हती. लावायचं तर मधलं ते कापलेलं वाक्यही लावावं लागलं असतं. तिची बोटं नुसती फिरत होती. पण वहिनीला ते कुठून माहीत असणार? फोन ठेवल्यावर पुढे काय बोलणं झालं हे त्या हॉलमध्ये आणखी फक्त दोघांना आठवत होतं, आणि त्यातली एक निळ्या ड्रेसमध्ये ताडकन उभी राहिली होती.

“मग काय करायला हवं होतं आम्ही?” वहिनी म्हणाली. “भर समुद्रात बोट थांबवतात का कोणासाठी? त्या वर्षात पहिल्यांदा निघालो होतो. आई तर दर महिन्याला आज जातात की उद्या, अशाच असायच्या!”

आता झालं. धाकटीने ते होताना बघितलं, एकेका चेहऱ्यावर, दिवे लागावेत तसं. मामाचा रुमाल गालापाशीच थांबला. आत्या दादाकडे बघत होती, त्याच्या नाकाकडे, आणि तिचे ओठ हलत होते. ज्या क्षणासाठी आठ दिवस ती झिजली तो क्षण हाच, आणि तो इतका चवदार होता की तिला श्वास पुरेना. दादाच्या हातात माइक चालूच होता. त्याने तो खाली केला नाही, त्याला सुचलं नसावं. “आईनेच सांगितलं होतं मला,” तो म्हणाला, आणि ते दोन्ही स्पीकरमधून आलं. “धाकटीला सांगू नकोस, ती रागावते. असं म्हणाली होती आई. हिला घाबरायची ती! हे पण सांग ना सगळ्यांना. का कापलंस ते?”

सगळे तिच्याकडे वळले. मामासुद्धा, आत्यासुद्धा. जे वाक्य आठ दिवस ती लावत होती आणि काढत होती, ते त्याने दोन सेकंदांत वाटून टाकलं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकताना तिला पहिल्यांदाच जाणवलं की ते किती साधं वाक्य होतं. कान पुन्हा गरम झाले. लाज वाटली, चांगलीच वाटली, पण लाजेला आता लपायला जागा नव्हती आणि तिला स्वतःला लपवायला काही उरलं नव्हतं. एक विलक्षण मोकळेपणा तिच्या हातापायांत उतरला.

“रागावतेच मी,” धाकटी म्हणाली. “तिला बरोबर माहीत होतं.”

एक दोन खुर्च्या सरकल्या, कोणीतरी उठावं की बसावं अशा बेतात होतं. “बसा ना,” ती म्हणाली. “जेवण दीड वाजता आहे.” फिल्मची अजून सतरा मिनिटं बाकी होती. त्यात बेटं होती, दोन राजवाडे होते, मावळता सूर्य होता, आणि बोटीच्या कठड्याला टेकून निळ्या ड्रेसमधली वहिनी सगळ्यांना हात हलवत होती. धाकटीने आवाज थोडा वाढवला आणि फिल्म सुरू केली.